साडेसात हजार फेऱ्यांचं खोटं

उदं गं अंबे, उदं! ... अहो, हे काय! खंडेनवमीच्या दिवशी उद्यमनगरात एवढा बारीक आवाज? सकाळपासून लेथला हार घातलेत, ड्रिलला कुंकू लावलंय, यंत्रं बंद आहेत, म्हणून माणसंही बंद? पुन्हा एकदा! उदं गं अंबे, उदं! ... हां! आता पडला गिअर!

तर मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढं उभा आहे. माणूस देवाकडं मागतो. बरोबर? देव देतो. मागितलं तेच देतो, अगदी मापात देतो! आणि ते हातात पडल्यावर सहा महिन्यांत माणूस कपाळाला हात लावून बसतो. का? देणारा चुकला? वस्तू खोटी निघाली? की आणखी कुठं काही बिघडलं?

वर मागून पस्तावलेल्या राक्षसांच्या गोष्टी तुम्हाला पाठ आहेत. त्या आज नाही सांगत. आज माणसाची सांगतो. इथून चार गल्ल्या पलीकडं घडलेली. नावं मी बदललीत, तेव्हा उगाच शेजारच्याकडं बघू नका!

रणधीर इंगवले म्हणून एक गृहस्थ. वय चौपन्न. पंचगंगेच्या पलीकडं स्वतःची फाउंड्री. हाताखाली शंभर माणसं, पण स्वतः वितळलेल्या लोखंडाजवळ उभा राहणारा मालक. आणि या माणसाला एकच वेड — जुनी गाडी! विलायती, एकोणीसशे सहासष्ट सालची, दोनच माणसं बसतील अशी, कापडी छताची, गडद हिरवी. मिरजेजवळ एका गोठ्यात सापडली. सापडली तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली! रणधीररावांनी कोंबडीला हात जोडले, गाडी घरी आणली, आणि चार वर्षं तिच्यामागं घालवली. बायको म्हणायची, "लग्न ठरवताना मला बघायला दहा मिनिटं आला होतात!"

बायको म्हणजे उज्ज्वलावहिनी. गाडी बाहेर निघाली की शेजारच्या सीटवर त्याच. दुसऱ्या कुणाला तिथं जागा नाही.

आता बघा, तळखंबे घाटात दर जानेवारीत जुन्या गाड्यांची चढाई असते. सकाळी रस्ता बंद ठेवतात. खालून एकेक गाडी सोडायची, वर घड्याळ घेऊन माणसं उभी. अकरा वळणं. त्यातली पाच अशी, की गाडीला स्वतःची शेपटी दिसावी! पहिल्या वर्षी रणधीरराव चौदावे आले. चौदावे! आणि त्यांचे शाळेपासूनचे दोस्त अरविंद शिंत्रे आले दुसरे. वर चहा घेताना शिंत्रे हसत म्हणाले, "रणधीर, गाडी देखणी आहे रे तुझी. ओवाळायला बरी!"

झालं! एवढंच वाक्य. मित्र विसरला, आपण हसलो, चहा संपला. पण काही वाक्यं पोटात जाऊन बसतात की नाही? इंगवल्यांच्या पोटात हे बसलं. घरी येताना घाट उतरला, गाव गेलं, नदी गेली, माणूस बोलेना. शेवटी म्हणाले, "कॅम बदलायचे."

कॅम म्हणजे काय, कुणाला माहीत नाही? हात वर करा. ... काकू, तुम्ही? अहो, तुमच्या मालकांची हयात गेली त्यात! बरं, सांगतो. हा एकोणीस वर्षं लेथवर उभा राहिलेला बुवा आहे, तुम्हाला समजेल असंच सांगतो.

समजा, मंगल कार्यालय आहे. दोन दारं. एकातून पाहुणे आत येणार, दुसऱ्यातून जेवून बाहेर जाणार. इंजिनाची दारं अशीच, त्यांना व्हॉल्व्ह म्हणायचं. दार कधी उघडायचं, किती उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, हे ठरवतो तो कॅम. लोखंडी दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा दाराला ढकलतो. या हिरव्या गाडीला असे दोन दांडे. एक आत घेणाऱ्या दारांचा, एक बाहेर सोडणाऱ्या.

उंचवटा मोठा केला तर? दार जास्त उघडतं, जास्त वेळ उघडं राहतं. पंगतीवर पंगत उठत असेल, पाहुणे धावत येत असतील, तर असंच पाहिजे! पण गर्दीच नसेल तर? दोन्ही दारं एकदम सताड उघडी! आलेला पाहुणा या दारानं आत, आणि पान मांडायच्या आधी त्या दारानं बाहेर! इंजिन सावकाश फिरत असताना मोठ्या कॅमचं नेमकं हे होतं. आलेलं पेट्रोल न जळताच निघून जातं. इंजिन खोकतं, गुदमरतं. आणि तेच इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या वर गेलं, की अहाहा! वाघ!

कळलं काकू? शाबास. आता तुम्ही उद्यापासून दुकानात बसा, मालकांना घरी ठेवा!

तर रणधीरराव गेले बाबालाल मुजावर मिस्त्रींकडं. सदुसष्ट वर्षांचा माणूस. चाळीस वर्षं कॅम घासण्यात गेली. बोटानं उंचवट्यावरून हात फिरवून सांगणार, अर्धा केस जास्त आहे! आणि त्यांची एक पद्धत. कुणीही येऊ दे, आधी एक पिवळं कार्ड पुढं करायचं. कार्डावर सात प्रश्न. गाडीचं वजन किती, गिअरचे दात किती, वगैरे वगैरे. गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं लिहायचं आणि खाली सही करायची.

रणधीररावांनी भराभर लिहिलं. पाचव्या प्रश्नाशी पेन थांबलं. प्रश्न होता — गाडी कुठं चालवणार?

"ट्रॅकवर," ते म्हणाले. "दक्षिणेत जाणार आहे, शर्यतीच्या मैदानावर."

"आणि सहावा?" मिस्त्री म्हणाले. "इंजान बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर ऱ्हानार?"

"साडेपाच ते साडेसात हजार."

मिस्त्रींनी चष्मा वर केला. "साडेसात? न्हेमी?"

"मग काय मिस्त्री, मी खोटं सांगतोय?"

स्टुलावर उज्ज्वलावहिनी बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं एकदा बघितलं. पण बोलल्या नाहीत. का नाही बोलल्या? दम धरा, येतो तिथं.

मिस्त्रींनी कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कामाला लागले. तीन आठवडे! असे उंच, असे रुंद उंचवटे त्यांनी कित्येक वर्षांत घासले नव्हते. व्हॉल्व्ह एवढा खाली येणार, तर तो वर येणाऱ्या पिस्टनला भिडेल का? भिडला तर इंजिनाचा चुरा! म्हणून पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवली, इंजिन हातानं फिरवलं, उघडलं, आणि मातीवर व्हॉल्व्हचा ठसा किती खोल उमटला ते मोजलं. जागा कमी पडली तिथं पिस्टनमध्ये खाच काढली. काम म्हणजे काम!

आणि इंजिन सुरू झालं... अहो, काय आवाज! उभ्या जागी गाडी थरथरतेय, धडड् — धडड् — धडड् — गल्लीतली माणसं लेथ थांबवून बाहेर! कुणी म्हणालं, "शिंत्र्यांचं काय खरं न्हाई आता!" रणधीररावांची छाती एवढी! मिळालं की हो मागितलेलं! देवी प्रसन्न!

पुढच्याच रविवारी सकाळी नवरा-बायको सरावाला निघाले. रस्ता उघडा होता, म्हणून बेतानं चालले होते. सरळ रस्त्यावर ठीक. घाट लागला. पहिलं वळण, इंजिन खोकलं. दुसरं वळण, जास्त खोकलं. तिसरं वळण म्हणजे गाडी शेपटी बघते त्यातलं. वेग उतरला, काटा दोन हजारांच्या खाली आला, रणधीररावांनी पाय दाबला, इंजिनानं एक उसासा टाकला आणि बंद!

चढ! वळण! गाडी मागं सरकायला लागली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठडा तरी काय, कमरेएवढे चार दगड! मागून दुधाचा टेम्पो! रणधीररावांनी ब्रेक दाबला, चाकं मुरमावर घसरली, गाडी तिरकी झाली. चावी फिरवतायत, इंजिन घेत नाही. तेवढ्यात उज्ज्वलावहिनींनी दोघांच्या मध्ये असलेला हॅंडब्रेक उजव्या हातानं धरला आणि सगळा जीव लावून ओढला. खांद्यातून कळ गेली, "आई गं!" आणि गाडी थांबली. मागचं चाक कठड्याच्या दगडाला टेकलेलं!

टेम्पोवाला उतरला. वाकून चाकाकडं बघितलं, दरीकडं बघितलं आणि म्हणाला, "पावनं, गाडी लई भारी दिसतीया. ढकलू का वाईच?"

हसताय? त्या वेळी रणधीरराव हसत नव्हते. बायको खांदा धरून बसली होती. डोळ्यांत पाणी, आणि ओठ घट्ट मिटलेले.

सोमवारी सकाळी स्वारी मुजावरांच्या दारात. वहिनीही बरोबर. "मिस्त्री! काय कॅम घासलाय हा? जीव जायची वेळ आली! चाळीस वर्षं काय केलंत?"

बाबालाल मिस्त्री रागावले नाहीत. ड्रॉवर उघडला, पिवळं कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं. "सायेब, सही कुनाची?"

"माझी."

"वाचा की सहावं उत्तर."

"साडेपाच ते साडेसात हजार. मग?"

"मग कॅम त्येलाच घासलाय. काल घाटात काटा किती व्हता?"

रणधीररावांनी कार्ड बाजूला सारलं. आणि तेव्हा, मंडळी, उज्ज्वलावहिनी बोलल्या. आवाज चढवला नाही.

"मिस्त्री, ती गाडी साडेचार हजारांच्या वर कधी गेलीच नाही. यांचा पाय वर येतो. दर वेळी. काटा साडेचारला आला की हे माझ्या खांद्याकडं बघतात आणि आवाज उतरतो. मी शेजारीच बसते, मला कळतं."

आता ऐका, खांद्याचं काय होतं. सहा वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या रस्त्याला, दुसऱ्या गाडीत, रणधीरराव घाईत होते. वळणावर वाळू सांडलेली. गाडी झाडावर. त्यांना खरचटलं नाही. वहिनींचा उजवा खांदा तीन ठिकाणी मोडला. आजही केस विंचरायला त्या डावा हात वापरतात. हॉस्पिटलातून घरी आल्यापासून त्या अपघाताबद्दल नवरा-बायकोत एक शब्द नाही. सहा वर्षं! जेवताना नाही, दवाखान्यात नाही, कधीच नाही. एका घरात, एका गाडीत, शेजारी शेजारी बसून नाही! म्हणूनच कार्ड लिहिताना वहिनी स्टुलावर गप्प बसल्या!

वहिनी म्हणाल्या, "मी दोनदा म्हटलं यांना, घाटात एकटे जा. मी नसले तर जोरात चालवाल. तर म्हणाले, तू नसलीस तर कशाला जायचं?"

रणधीररावांनी काय केलं असेल?  तोंड लालबुंद. चावी टेबलावर टाकली, दुकानातून बाहेर पडले आणि चालत घरी गेले. वहिनी रिक्षानं. चार दिवस फाउंड्रीतून घर, घरातून फाउंड्री. गाडीचं नाव नाही.

कशाचा राग आला असेल हो त्यांना? मिस्त्रीचा? बायकोचा? आपलं बिंग फुटलं की आपल्याला ज्यानं फोडलं त्याचा राग येतो. पहिले तीन दिवस तसाच आला असेल. चौथ्या दिवशी काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. म्हणाले, "बुवा, भट्टीपुढं उभा होतो. एका कामगाराला विचारलं, हातमोजे का घातले नाहीस? तर म्हणाला, मला भीती वाटत नाही साहेब. मी त्याच्यावर ओरडलो, मूर्खा, भीती वाटायलाच पाहिजे! आणि ओरडता ओरडता माझंच ते पिवळं कार्ड डोळ्यांपुढं आलं."

पाचव्या दिवशी मुजावर दुकानाचं शटर वर करतायत, तर रणधीरराव पायरीवर बसलेले.

"मिस्त्री, कोरं कार्ड द्या."

लिहायला बसले. गाडी कुठं चालवणार? घाटात, आणि रविवारी रंकाळ्यावर भेळ खायला. इंजिन बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर? दोन ते साडेचार हजार. आणि सातव्या प्रश्नापुढं, आणखी काही सांगायचं आहे का, तिथं आजवर कुणी काही लिहिलं नव्हतं, तिथं त्यांनी लिहिलं, "मला भीती वाटते."

मिस्त्रींनी वाचलं. कार्ड ड्रॉवरमध्ये न टाकता पुढ्यातच ठेवलं. मग म्हणाले, "सायेब, आता माजं बी ऐका. चूक निम्मी माजी हाय. तुमचं पयलं कार्ड वाचलं तवाच मनात आलं, ह्यो मानूस साडेसातवाला न्हवं. पन वीस वर्सांत कुनी एवढा मोटा कॅम मागितला न्हवता. माज्या हाताला हाव सुटली. म्हटलं, लिवून दिलंय न्हवं, मग आपुन कशाला इचारा? वहिनीसायबांच्या खांद्याला त्यादिवशी जी कळ आली, तिच्यात माजा बी वाटा हाय."

बघा मंडळी! मागणारा एक खोटं बोलला आणि देणाऱ्यानं ते सोयीनं खरं मानलं. दोघंही हुशार, दोघंही आपापल्या कामात पक्के. आणि दोघांच्या चुकीची किंमत त्या बाईच्या खांद्यानं मोजली!

या खेपेला मिस्त्रींनी घासायची घाई केली नाही. आधी गाडीत जुने मूळचे कॅम परत बसवले. मग म्हणाले, "मला बसवा शेजारी." वहिनी म्हणाल्या, "आज माझी जागा तुम्हाला!" वही घेऊन मिस्त्री बसले, घाटात तीन वेळा वर-खाली केलं. प्रत्येक वळणावर काटा कुठं, गिअर कुठला, पाय कधी उचलला, सगळं लिहिलं. एकदाही "दाबा" म्हणाले नाहीत. एकदाही "घाबरू नका" म्हणाले नाहीत.

दुकानात परत आल्यावर वही बघून एक नवा दांडा घासला, इंजिन उघडून मूळचा काढला आणि टेबलावर तीन दांडे ठेवले. "ह्यो तुमचा मूळचा. शांत हाय, पर वर दम न्हाई. ह्यो आपला राक्षस, तुमी बगितलाच हाय. आन् ह्यो मधला. उंची जराशी जास्त, पर दार उगडं ऱ्हायाचा वेळ बेताचा. दोन हजारावर हाक मारली तरी ओ देतोय. आत घ्यायच्या बाजूला ह्यो मधला बसवू, भायेर सोडायच्या बाजूला मूळचाच ऱ्हाऊ द्या. आन् मधल्याची येळ दोन अंश पुडं घेतो, म्हंजी वळनातनं उटताना जोर लवकर मिळंल."

"आणि वरचा जोर?"

"सहाच्या वर ती थकनार. खरं सांगतो. पन तिथं तुमचं काम काय हाय?"

रणधीरराव हसले. खूप दिवसांनी हसले. "काही नाही."

"मग झालं तर!"

आला जानेवारी. तळखंबे घाट. बावीस गाड्या. सगळ्यांची इंजिनं डरकाळ्या फोडतायत आणि ही हिरवी गाडी आपली गुरगुरत उभी. शिंत्रे आले, कान लावून म्हणाले, "अरे, राक्षस काढलास?" रणधीरराव म्हणाले, "हो. मला झेपत नव्हता." शिंत्रे काहीतरी चेष्टा करणार होते. पण आपल्या गाडीकडं वळले. झेपत नाही म्हणणाऱ्या माणसाची चेष्टा कशी करणार? जागाच राहत नाही हो!

झेंडा पडला. पहिलं वळण, इंजिन खोकलं नाही. दुसरं वळण, खोकलं नाही. तिसरं! तेच, कठड्याचं! वेग उतरला, काटा दोन हजारांवर आला, रणधीररावांनी पाय दाबला आणि गाडीनं अशी ओढ घेतली, जशी विहिरीतून भरलेली घागर एका झटक्यात काठावर यावी! वळणामागून वळण गेलं. अकरावं वळण संपलं आणि पुढं वरपर्यंत सरळ चढाचा रस्ता. रिकामा. काटा चार हजार. चार हजार दोनशे. साडेचार...

पाय कुठाय? सांगा! पाय वर आला?

नाही आला. त्यांनी खांद्याकडं बघितलं नाही. रस्त्याकडं बघितलं. वहिनींनीही मान वळवली नाही. समोरच्या काट्याकडं बघत बसल्या.

वर पोचले. इंजिन बंद केलं. 

वहिनी म्हणाल्या, "पाच हजार दोनशे. मी बघितलं."

आणि तो माणूस बायकोकडं वळला आणि त्यानं विचारलं, "खांदा दुखला का गं?"

सहा वर्षांत पहिल्यांदा! साधा प्रश्न, मंडळी! चार शब्द! पण तो विचारायला त्याला खोटं सोडावं लागलं, इंजिन तीनदा उघडावं लागलं, आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीपुढं पायरीवर बसावं लागलं.

वहिनी म्हणाल्या, "दुखला. थंडीत दुखतोच. रोज दुखतो." आणि मग रडल्या. मग दोघंही गाडीतच बसून राहिले. खालून पुढची गाडी येत होती, झेंडेवाला हात करत होता, बाजूला घ्या, बाजूला घ्या! शेवटी शिंत्रे धावत आले. दोघांचे चेहरे बघितले आणि एकट्यानं गाडी ढकलून कडेला लावली.

नंबर किती आला? बघा, तुम्हाला नंबर पाहिजेच! सहावा आला. शिंत्रे पुन्हा दुसरे. रणधीररावांनी त्यांना मिठी मारली. बस.

आता सांगा, देव मागितलेलं देतो, तरी माणूस का रडतो? कारण मागताना आपण आपल्याबद्दल खोटी माहिती देतो! आणि देणारा भोळा, आपण सांगू ते खरं धरून घासून देतो!

काल घटापुढं हात जोडून काय मागितलंत? पोरीला डॉक्टर कर. पोरीला रक्त बघून चक्कर येते, ते सांगितलंत देवीला? मला शांती दे. आणि भावाशी अकरा वर्षं बोलत नाही, ते सांगितलंत? मोठं घर दे. आहे त्या घरात दोन माणसं एकमेकांकडं बघून जेवत नाहीत, ते? मोठं मागण्यात पाप नाही हो. मागा! पण आधी सांगा, मी असा असा आहे. एवढा माझा दम. इथं मला भीती वाटते. मग बघा, मिळेल ते अंगाला बसतं की नाही!

तुम्हालाच कशाला सांगू? पेटीवर आमचे नारायणराव हुक्केरी बसलेत. तीस वर्षं माझ्याबरोबर. नारायणराव, हसू नका! या माणसाला माहीत आहे, हा बुवा तीस वर्षं पांढरी चारमध्ये गातो आणि गेली पाच वर्षं ती पट्टी त्याला लागत नाही. वरचा स्वर आला की मी टाळ जोरात वाजवतो आणि तुम्ही समजता, बुवा रंगात आले! दरवर्षी मी देवीकडं आवाज मागतो. माझा आवाज गेलाय, हे मात्र तिला कधी सांगितलं नाही.

नारायणराव, आज खालची पट्टी, काळी एक द्या. ... हो, हो, काळी एकच. सगळ्यांना ऐकू द्या. ... आता या पट्टीत मी गातो, आणि तुम्ही डोळे मिटून, ओठ न हलवता, तिला एक खरी गोष्ट सांगा. एकच. मागणं नंतर.

उदं गं अंबे, उदं!